बार्टलीचं हिरवं निशाण

बार्टली गॅननने तीस वर्षांत आमच्या किलमीरा गावच्या संघाची एकही मॅच शेवटपर्यंत पाहिली नव्हती. हे सांगितलं की लोक हसतात, कारण बार्टली मैदानावर नाही असा एक रविवार जात नसे. पण शेवटची दहा मिनिटं राहिली की या बाबाला तिथे उभं राहवत नसे. मग तो कुंपणाच्या फटीतून बाहेर पडायचा, रस्ता ओलांडून माझ्या दुकानात शिरायचा आणि जळणाच्या गठ्ठ्यांपाशी, मैदानाकडे पाठ करून उभा राहायचा. "किती राहिलं गं, डिम्प्ना?" असं दर मिनिटाला विचारायचा. मला काय माहीत, मी काय छपरावर बसले होते? बाहेर ओरडा झाला की त्याचे खांदे कानाला लागायचे. गोल आपला की त्यांचा हे तो नुसत्या आवाजावरून सांगायचा आणि बहुतेक वेळा साफ चुकायचा.

मला कुणाचं उगीच कौतुक करायची सवय नाही. गावात दुकान चालवणाऱ्या बाईला ते परवडतही नाही. आज ज्याला चांगला म्हणावं तो उद्या तोंड चुकवून दुसऱ्या दुकानात जातो. पण बार्टलीसारखा सरळ माणूस मी पाहिला नाही, आणि ज्या दिवशी तो वाकला त्या दिवशी मी त्याच्यापासून चार हातांवर उभी होते. म्हणून हे मीच सांगायला हवं.

काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्तेदुरुस्तीच्या टोळीत तो कामाला होता. खड्डे भरायचे, डांबर ओतायचं, चर काढायचे. त्याच्या नखांतलं डांबर चर्चमध्येसुद्धा दिसायचं. बायको विनी लवकर गेली. मागे एक पोरगा, जार्लथ. बार्टलीने त्याला एकट्याने वाढवलं, म्हणजे सकाळी लापशी, संध्याकाळी बटाटे आणि रविवारी फुटबॉल. पोराशी बोलायला त्याच्याकडे फुटबॉलखेरीज दुसरा विषय नव्हता. पण त्या एका विषयात काय नव्हतं? शाबासकी त्यातच, रागावणं त्यातच. "आज डावा पाय बरा चालला" असं बार्टली म्हणाला की जार्लथ आठवडाभर शीळ घालत फिरायचा.

आणि सरळ किती, तर एकदा आमच्याच पोराने मारलेला चेंडू खांबाच्या बाहेरून गेला होता, पंचांनी मात्र गुण दिला. आम्ही सगळे मूग गिळून बसलो. हा मात्र गोलामागून ओरडला की बाहेर गेला, मी पाहिलाय. गुण गेला, मॅचही गेली. पुढे महिनाभर पबमध्ये त्याच्या शेजारचं स्टूल रिकामं राहिलं. त्यात फादरनी प्रवचनात त्याची स्तुती केली, मग तर विचारूच नका.

सत्त्याऐंशीचं साल. काम कुठेच नव्हतं. आमच्या गावातून पोरं अशी जात होती की त्यांच्या आयांनी कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा आखडून घेतली. आदल्या वर्षीचा आमचा बचावपटू लंडनला विटा वाहत होता, दोघे न्यूयॉर्कला. एक गोष्ट मात्र कुणी मोडत नसे. चॅम्पियनशिप चालू असताना गावचा खेळाडू विमानात बसत नाही. संघ बाद झाला की मग जा, कुठे जायचं तिथे जा. मध्येच उठून गेलेल्या पोराच्या बापाला चर्चच्या दारात कुणी मान हलवूनही ओळख दाखवत नाही. त्यामुळे आमच्याकडे एखादा संघ रविवारी हरला की त्या आठवड्यात विमानतळावर त्या गावची आईबापं रुमाल घेऊन उभी.

जार्लथ तेवीस वर्षांचा. हातात सुतारकाम होतं, पण कुणी खुर्चीसुद्धा दुरुस्त करून घेत नव्हतं. बॉस्टनला मावसभावाने त्याच्यासाठी बांधकामावर जागा बोलून ठेवली होती, तिकीटही पाठवलं होतं, तारीख तेवढी घालायची राहिली होती. तिथे काम करायचे कागद नव्हतेच. म्हणजे एकदा गेला की परत येता येणार नाही; आला तर पुन्हा आत घेणार नाहीत. बार्टलीला हे सगळं ठाऊक होतं. तो पोराला जा म्हणाला नाही आणि राहा असंही म्हणाला नाही. आमच्याकडचे पुरुष असलं बोलत नाहीत. गाय आजारी पडली तर तासभर बोलतील.

पण पहिली मॅच जिंकलो तेव्हा तो दुकानात आला आणि पहिल्यांदाच मैदानाकडे तोंड करून म्हणाला, "आणखी तीन आठवडे." मला आधी कळेचना. मग कळलं आणि जीव चरकला. गाव चषकासाठी देव पाण्यात घालून बसलं होतं, आणि हा पोराच्या आठवड्यांसाठी. दुसरी मॅच जिंकलो तर आणखी तीन. असं करत आम्ही उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचलो, जिथे आमचा संघ माझ्या लग्नाच्या साली शेवटचा पोचला होता, आणि माझं लग्न कधी झालं ते मी सांगणार नाही.

समोर क्लूनफार्ना. दलदलीच्या पलीकडचं गाव. माझी बहीण कॉन्सेप्टा तिथे दिलेली, आणि तिचा मुलगा फिन्टन त्यांचा गोलकीपर. त्या आठवड्यात आम्ही बहिणी एकमेकींशी फक्त हवापाण्याचं बोललो.

मॅचच्या दिवशी पंच आले ते निशाणवाला एक कमी घेऊन. प्रत्येक गोलाच्या दोन खांबांपाशी पांढरे कोट घालून दोघे उभे असतात. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडूला हात चालतो. चेंडू आडव्या दांडीवरून गेला तर पांढरं निशाण, एक गुण. जाळीत गेला तर हिरवं, तीन गुण. आणि चेंडू येण्याआधीच आपला खेळाडू गोलासमोरच्या छोट्या चौकोनात शिरलेला असेल तर काहीच उचलायचं नाही, गोल बाद. पंचांच्या चौघांपैकी एकाची गाय त्याच सकाळी व्यायला बसली. पंच म्हणाले, दोन्ही गावांना चालेल असा एखादा माणूस द्या. मला वाटलं आता तासभर भांडण. पण क्लूनफार्नाचाच प्रशिक्षक म्हणाला, "बार्टली गॅननला द्या, आमची काही हरकत नाही."

झालं. बार्टलीला कोटात कोंबला. तो कोट पुढे मिटेना, बाह्या कोपरापर्यंत. खाटकाला सांगावं तसं कुणीतरी ओरडलं, बार्टली, दोन पौंड सॉसेज दे. लोक हसले. बार्टली हसला नाही, कारण त्याच्या लक्षात आलं होतं की आज खांब सोडता येणार नाही. मी दुकान बंद करून त्याच गोलामागच्या भिंतीपाशी उभी राहिले.

शेवटची दहा मिनिटं आली आणि आम्ही दोन गुणांनी मागे. बार्टलीने वळून माझ्याकडे पाहिलं. दुकानात बघायचा तसाच. मी म्हटलं, "इकडे काय बघतोस, समोर बघ." वेळ संपत आली. पंच घड्याळाकडे बघायला लागले. आमच्याकडच्या कुणीतरी मैदानाच्या मध्यावरूनच एक उंच चेंडू गोलासमोर टाकला, निव्वळ नशिबावर हवाला ठेवून. आठ-दहा पोरं एकदम उडाली. त्या गर्दीतून एक मूठ वर आली, चेंडूला लागली आणि चेंडू फिन्टनच्या खांद्यावरून जाळीत. मूठ जार्लथची.

आमच्या बाजूला जो हलकल्लोळ झाला, त्यात मला एवढंच दिसलं की बार्टलीने काही उचललेलं नाही. निशाणं त्याच्या पायाशी तशीच. फिन्टन जमिनीकडे बोट दाखवून ओरडत होता की हा चौकोनात होता, आधीपासून होता. पंच धावत आले. दुसऱ्या खांबापाशीच्या निशाणवाल्याला विचारलं. तो म्हणाला, मी चेंडूकडे बघत होतो, पायांचं मला माहीत नाही. मग ते बार्टलीकडे वळले. जार्लथ दहा पावलांवर उभा होता. गोल मारलेला पोरगा, पण ना उडी ना हात वर. नुसता बापाकडे बघत होता.

बार्टली खाली वाकला. त्याने हिरवं निशाण उचललं आणि डोक्यावर धरलं.

क्लूनफार्नाचा प्रशिक्षक तोंड उघडून उभा होता, ते त्याने मिटलं. शेजारच्याला म्हणाला, बार्टली देतोय म्हणजे असेल. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. फिन्टनने चेंडू पुन्हा खेळात टाकला, आणि शिट्टी झाली. आम्ही एका गुणाने जिंकलो; उपांत्य फेरी दोन आठवड्यांनी होती.

संध्याकाळी चौकात टायर पेटवले, गाड्यांचे भोंगे वाजवले, म्हातारे रस्त्यात नाचले. बार्टलीला खांद्यावर घेतला. कोट अजून अंगातच. आनंदाने माणूस गोंधळतो असं लोकांना वाटलं. मला वाटलं याला काहीतरी होतंय, डॉक्टरला बोलवावं. जार्लथ कुठेच दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी मी फिन्टनसाठी खोक्यात चहा, बिस्किटं, फ्रूटकेक भरत होते. त्यांचा संघ बाद झाला होता, तो मंगळवारी परदेशी जाणार होता. बार्टली आला. गठ्ठ्यांपाशी गेला, तिथून परत गल्ल्यापाशी आला.

"मी पाहिलं होतं, डिम्प्ना," तो म्हणाला. "दोन्ही बूट. चुन्याच्या रेघेच्या हातभर आत. चेंडू अजून आभाळात होता."

मी केक खाली ठेवला.

मग तो बोलत सुटला. एरवी महिन्यात बोलणार नाही एवढं. म्हणाला, तीस वर्षं मी या जिंकण्याची वाट पाहिली. रस्त्यावर डांबर ओतताना मनात हीच मॅच खेळायचो. शेवटचं मिनिट, जार्लथचा गोल, एका गुणाने. अगदी अशीच. आणि मिळाली तर तोंडात कडू आलंय, ते जात नाही. म्हणाला, मला वाटायचं माणूस खोटं करतो ते गडबडीत, कळायच्या आत. तसं नसतं गं. मला भरपूर वेळ होता. पंच धावत येत होते तोवर मला सगळं सुचलं. पलीकडच्या भिंतीपाशी त्यांचे म्हातारे उभे होते, माझ्याइतकीच वर्षं पावसात भिजलेले. ते दिसले मला. फिन्टन दिसला, तुझी बहीण दिसली. पांढऱ्या कोटात मी आहे म्हणून हे सगळे निर्धास्त आहेत, हेसुद्धा सुचलं. आणि तरी हात हिरव्याकडे गेला. आता लोक रस्त्यात हात मिळवतात आणि मला वाटतं हात धुवावा. आता आपला संघ चषक जिंकला काय नि न जिंकला काय. मला पुन्हा कधी मॅचला जाता येणार नाही, डिम्प्ना. माझं तेवढंच होतं.

मला त्याची कीव यायला हवी होती. पण माझ्यासमोर खोकं होतं. मी म्हटलं, म्हणजे तुझा पोरगा दोन आठवडे राहावा म्हणून माझ्या बहिणीचा उद्या जातोय. तो हो म्हणाला. मान खाली घालून, पण हो म्हणाला. मी त्याला दुकानातून चालता हो म्हणून सांगितलं. तीस वर्षांत कुणाला असं बोलले नव्हते.

तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. दारातच उभा राहिला. डुकराच्या चॉप्स मागितल्या, दोन जाड. जार्लथला आवडतात म्हणाला. मी दिल्या; न देऊन काय करणार होते? त्यानंतर रोज यायचा. कधी चॉप्स, कधी सफरचंदाचा टार्ट, कधी ते महागाचं लोणी जे तो ख्रिसमसलाच घ्यायचा. आणि रोज एकेक वाक्य सांगून जायचा. त्यावरून मला घरातलं कळलं.

जार्लथने मॅचच्या संध्याकाळीच विचारलं होतं. "बाबा, तुम्ही पाहिलंत. मी तुमच्याकडेच बघत होतो." बार्टली हो म्हणाला. कशासाठी असं जार्लथने विचारलं नाही, आणि बार्टलीने सांगितलं नाही. त्यानंतर पोरगा बोलायचाच बंद झाला. जेवायला बसायचा, ताट धुवायचा, सरावाला जायचा, येऊन झोपायचा. हो, नाही, पुरे. पोराची कोंडी झाली होती. खरं बोलावं तर बापाची साऱ्या काउंटीत छी-थू; गप्प बसावं तर ज्याच्या पाठीवर गाव थापा मारतंय तो गोल खोटा. त्याने गप्प बसणं पत्करलं आणि मग बापाशीही गप्पच बसला. बार्टली म्हणाला, "दोन आठवडे मिळाले खरे, पण घरात भाडेकरू आणून ठेवल्यासारखं झालंय. त्याच्यासाठी रांधतो आणि त्याची पाठ बघत बसतो." ते ऐकून मी त्या दिवशी टार्टचे पैसे घेतले नाहीत. माझा राग गेला नव्हता, पण हे दुःख रागाच्या पलीकडचं होतं.

उपांत्य फेरीत आमचा धुव्वा उडाला. अर्ध्या वेळेलाच लोक घरी जायला लागले. जार्लथ एकटा शेवटपर्यंत पळत होता. बुधवारचं विमान ठरलं.

बार्टलीकडे गाडी नव्हती, म्हणून शॅननच्या विमानतळावर मीच घेऊन गेले. बार्टली मागे बसला, मांडीवर पोराची बॅग घेऊन. दोन तासांत त्याने दोनच गोष्टी सांगितल्या: या वळणावर आमच्या टोळीने काम केलंय, आणि या पुलावरही. जार्लथ खिडकीतून बघत होता.

विमानतळावर बार्टली चहा आणायला रांगेत उभा राहिला. जार्लथ माझ्याशेजारी बसला होता.

"काकू," तो म्हणाला, "त्यांनी एकदा थांब म्हटलं असतं ना, तर मी थांबलो असतो. अजूनही थांबेन. पण ते म्हणणार नाहीत. त्यापेक्षा ते खोटं निशाण वर करतील."

मी म्हटलं, मग तू विचार. तो म्हणाला, मी कसं विचारू, मला ठेवून घ्या म्हणू? तेवढ्यात बार्टली चहा घेऊन आला. तिघांनी चहा घेतला, चहा पाणचट होता यावर तिघांचं एकमत झालं. विमानाची घोषणा झाली तेव्हा मी बार्टलीला कोपराने असं ढोसलं की त्याचा कप सांडला. "पोराला काहीतरी बोल ना, अरे," मी म्हटलं.

बार्टली उभा राहिला. जार्लथ वाट बघत होता, मैदानावर बघत होता तसाच, आणि न राहवून मीच थांब म्हणणार होते.

"तिकडे थंडी फार असते म्हणतात," बार्टली म्हणाला. "गळ्याला काहीतरी गुंडाळत जा."

"गुंडाळेन," जार्लथ म्हणाला. दोघांनी हात मिळवले. पोरगा दारातून आत गेला. त्याने मागे वळून पाहिलं की नाही ते मला सांगता येणार नाही, माझे डोळे भरले होते.

येताना बार्टली माझ्याशेजारी बसला. मी धुमसत होते. लिमरिक मागे पडेस्तोवर दम धरला, मग गाडी बाजूला घेतली आणि सगळं त्याच्या तोंडावर फेकलं. म्हटलं, तो थांबला असता, बार्टली. त्यानेच मला सांगितलं. एक शब्द हवा होता त्याला तुझ्याकडून. एक शब्द बोलायला तुझी जीभ झडत होती? त्याऐवजी सगळ्या गावाला फसवलंस, माझ्या बहिणीला फसवलंस, स्वतःच्या जन्माची माती केलीस.

त्याने नखांतलं डांबर अंगठ्याने खरवडलं.

"थांबला असता ते मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "मी निघालो होतो तेव्हा माझी आई दारात आली होती. शिकागोचं तिकीट होतं माझं. एकदाच म्हणाली, नको जाऊस. मी बॅग खाली ठेवली. तेव्हापासून खड्डे भरतोय. आई चांगली होती गं, पण तिला मी कधी माफ केलं नाही, ती मेली तेव्हासुद्धा नाही. जार्लथला थांब म्हटलं असतं तर तो थांबलाच असता. म्हणून तर तोंड उघडलं नाही."

तरी रागाच्या भरात मी विचारलं, एवढं कळत होतं, पोराला सोडायचंच होतं, तर ते दोन आठवडे तरी कशाला घेतलेस?

"सगळं एकदम सोडवेना गं," बार्टली म्हणाला.